दादांची दोन दिवसांची मुंबई

प्रिय आई,

शाळेत गुरुजींनी पत्राचा मायना शिकवला होता, पण गेलेल्या माणसाला काय लिहायचं ते काही शिकवलं नव्हतं. म्हणून नुसतंच प्रिय आई. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तिथे कुणाकडून तरी वाचून घे. फक्त आपल्या मोरिवलीच्या कुणाकडून घेऊ नकोस, सगळीकडे बोभाटा होईल!

आज लिहायला बसले, कारण उद्या आम्ही मुंबईला निघालोय. दादा आणि मी. शनिवारी दुपारी कारखान्यातली त्यांची पाळी सुटली की निघायचं, रात्री भायखळ्याला आत्याकडे राहायचं, रविवारी मुंबई बघायची आणि संध्याकाळी परत. हो, तेच दादा! ज्यांनी तुला अख्ख्या संसारात अंबरनाथच्या देवळापलीकडे कुठे नेलं नाही, ते मला मुंबई दाखवायला निघालेत. ऐकून तुझ्या भुवया वर गेल्या ना? माझ्याही गेल्या.

मागच्या अमावास्येच्या सुमाराची गोष्ट. जेवताजेवता म्हणाले, "मंजे, कारखान्याला सुट्टी हाय त्या रवारी मुंबयला जाव. रानीचा बाग, चौपाटी, महालक्षुमी. तुला बघाची हाय ना?" मी भाकरी वाढत होते, हात तसाच राहिला. मला बघायची आहे? मी कधी म्हटलं होतं? मुंबई बघायची होती ती तुला!

आठवतं का, मी ओसरीवर भूगोल मोठ्याने वाचत होते आणि तू तांदूळ पाखडत होतीस. मुंबई हे बेट आहे, असं मी वाचलं आणि तुझं सूप थांबलं. "बेट? मंजे चारी अंगाला पानी? मंग गाडी कशी जाते गं तिकडं?" मी म्हटलं, खाडीवर पूल आहे. तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "पुलावर माझा भरोसा नाय. पन एकदा बघाला पायजे." बारवीकडच्या रानातल्या पाड्यात वाढलेली तू. चारी बाजूंनी पाणी असताना माणसं आत बुडत कशी नाहीत, हे तुला स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं होतं. कुणाच्या सांगण्यावर तू कधी विश्वास ठेवलास?

मग दरवर्षी भात झोडून झालं की तुझी मुंबई सुरू व्हायची. भाकऱ्या किती न्यायच्या, सुकटीची चटणी कशात बांधायची, आत्यासाठी कुठल्या शेतातला तांदूळ न्यायचा. पेटीच्या तळाशी हिरवं लुगडं घडी न मोडता ठेवलेलं होतंस, मुंबईला नेसायचं म्हणून. आणि दरवर्षी दादांचं काहीतरी निघायचं. कधी पाळी बदलली, कधी बैल आजारी, कधी म्हणे मुंबईचं पाणी लागतं. तू चिडायची नाहीस. "पुढल्या साली," म्हणून चटणी आपल्यालाच वाढायचीस. का नाही चिडलीस? एकदा तरी ताट आपटायचं होतंस. माझा तुझ्यावर एवढाच राग आहे.

शेवटी ते लुगडं तू नेसलीस, पण कुठे जाताना! चार दिवसांचा ताप आला काय आणि तू गेलीस काय. बाया म्हणाल्या, भाग्याची बाई, मळवट भरून गेली. मला त्यांचं भाग्य ऐकवत नव्हतं. तेवढ्यात दादांनी पेटी उघडली आणि तळातून तेच लुगडं काढून त्यांच्या हाती दिलं. म्हणजे त्यांना माहीत होतं, आई. ते कशासाठी ठेवलंय, हे त्यांना सगळी वर्षं माहीत होतं.

तर अशा माणसाला अचानक राणीचा बाग का आठवावा? तुझंच शिकवणं, संशय पोटात ठेवावा, चुलीवर भात ठेवतात तसा. सारखं झाकण काढलं की वाफ जाते आणि भात कच्चा राहतो.

पहिला संशय आला तो माझ्याच लग्नाचा. वरच्या आळीतल्या गंगूला असंच नेलं होतं ना मुंबई दाखवायला? ती बिचारी चौपाटीवर भेळ खात होती, चार माणसं सहज म्हणून भेटली, आणि भेळ संपायच्या आत तिचं लग्न ठरलं! कांदेपोहे नाहीत, प्रश्न नाहीत, काही नाही. तू गेल्यापासून मला दोन स्थळं आली आणि दोन्ही मी परत पाठवली. एक तर शिरगावचं होतं, घरचे शेतकरी, चांगलं होतं म्हणतात. मी म्हटलं, मी गेले तर दादांना भाकरी कोण करून घालेल? त्यामुळे आता मला न विचारता, भेळेच्या पुडीआडून दाखवणार, असं मी धरून चालले. ठरवूनसुद्धा टाकलं की चौपाटीवर कुणीही सहज भेटलं की एक डोळा बारीक करून चालायचं.

पण दादांची लक्षणं काही वेगळीच होती. एका संध्याकाळी आले ते कॅम्पातून नवी काळी टोपी घेऊन. दुसऱ्या दिवशी जुना कोट उन्हात. मग मिशा कातरल्या. त्यांच्या मिशा तू कधी कातरलेल्या पाहिल्या होत्यास? मी भांडी घासताघासता सगळं बघत होते. एकदा सहज विचारल्यासारखं केलं, "दादा, तिकडं मी कंचा लुगडा नेसू?" तर म्हणाले, "नेस कंचाबी." आई, पोरीला दाखवायला नेणारा बाप कधी 'नेस कंचाबी' म्हणेल का? आत्याने तर मला आधी हळद लावून बसवलं असतं!

त्यातच देवीबाई आली. तुझी पापडवाली गं, कॅम्पातली. ती पहिल्यांदा आली तेव्हा तू काय केलं होतंस, विसरली नाहीस ना? लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये नुकतीच सिंधमधून आलेली निर्वासित माणसं येऊन राहिली होती, गावात कुणी त्यांच्याकडून काही घेत नव्हतं. तू पापड भाजलास आणि अर्धा मोडून तिच्याच हातावर ठेवलास. "आधी तू खा." ती हसली आणि खाल्ला. मग तूही खाल्लास. पुढे इतकी मैत्री झाली तुमची, पण पहिला तुकडा तिने खायचा हे काही तू सोडलं नाहीस. ती अजूनही येते, आणि अजूनही माझ्यासमोर आधी स्वतः तुकडा मोडून खाते. मी सांगितलं, नको आता हे. तर म्हणते, "तेरी माँ का कायदा है."

तर देवीबाई टोपली उतरवताउतरवताच म्हणाली, "लख लख वाधायूं, बेटी! शादी किसकी है?"

"कसली शादी?"

"तेरे दादा मेरे आदमी की दुकान से बाल काले करने का रंग ले गये. साथ में खुशबूवाला तेल. मैंने सोचा, घर में शादी है."

मी हसून म्हटलं, मुंबईला चाललोय ना, म्हणून असेल. ती गेली आणि माझं हसू तिथेच राहिलं. कलप? दादांना? तुझ्या तेराव्याला ज्यांना डोक्याला तेल लावायचंही भान नव्हतं, त्यांना कलप? मुलगी दाखवायची तर बापाचे केस कशाला काळे करायचे? तेव्हा मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण झाकण काढायचा धीर झाला नाही.

काल गुरुवारी मात्र झाकण आपोआप उडालं. दादांनी तुझा टाक करायला टाकला होता, बदलापूर गावातल्या सोनाराकडे. मला तसं सांगितलं होतं, पितृपक्षाच्या आत चांदीच्या पत्र्यावर तुझी मूर्ती उठवून घ्यायची आणि देव्हाऱ्यात आजीच्या टाकाशेजारी तुला बसवायचं. मला ते आवडलं होतं. आधी म्हणाले, मी आणीन. मग त्यांच्या पाळ्या जुळेनात, म्हणून काल मीच गेले. दादांना सांगितलं नव्हतं. म्हटलं, आपली आई आपण आणावी.

सोनारकाकांनी लाल कागदाची पुडी उघडून माझ्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा टाक. लुगडं नेसलेली, हात जोडलेली बाई. आणि माथ्यावर एक छोटी कडी.

मी म्हटलं, "काका, याला कडी कशाला? आजीच्या टाकाला नाहीये. देव्हाऱ्यातल्या टाकाला कडी कशाला लागते?"

काका फुंकणी उचलून शेगडी फुंकायला लागले. विस्तव तर चांगला फुललेला होता. "दादांनी तुला काय सांगितलं नाय, पोरी?"

"सांगितलं ना. देव्हाऱ्यात ठेवायचा म्हणून."

"मंग त्यांनाच इचार," काका म्हणाले आणि पुन्हा फुंकायला लागले.

विचारायचं काय त्यात! कडी दोरा ओवायला असते. दोरा गळ्यात घालायला असतो. आणि मेलेल्या बायकोचा टाक गळ्यात घालते ती तिच्या नवऱ्याची दुसरी बायको. सवत म्हणून बांधायचा, नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं, नाहीतर पहिली रागावते. धाकट्या मावशीच्या जाऊबाईंच्या गळ्यात तूच मला तो दाखवला होतास. मी तेव्हा विचारलं होतं, ती पहिली बाई गळ्यात बसून काय करते? तू म्हणालीस, "लक्ष ठेवते."

सोनाराच्या ओट्यावरच मला उलगडलं. मुंबई, टोपी, कलप, आत्या, सगळं एका दोऱ्यात ओवलं गेलं. मला दाखवायला नेत नव्हतेच. दादाच दाखवून घ्यायला चालले होते!

आणि मग मी टाकाकडे नीट पाहिलं. ती तू नव्हतीस, आई. गुळगुळीत तोंड, बाजारात कुणाचंही असतं तसं. मी म्हटलं, "हे कुणाचं तोंड काढलंत?" काका वरमले. म्हणाले, "तुझ्या दादांना इचारला मी, बाई कशी होती? फोटो तं नाय तुमच्याकडं. लय वेळ बसले हितं. मंग म्हनाले, चांगली होती. आता चांगली होती, याचा मी काय घडवू?"

वीस वर्षांचा संसार आणि 'चांगली होती'! मला इतका राग आला की रडू आलंच नाही. मी ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हटलं, आता मी सांगते तसं करा. कुंकू आडवं, मोठं. नाक बसकं, आणि त्यात चमकी. कपाळ लहान. काका म्हणाले, एवढ्याशा पत्र्यात नाक बसकं की सरळ ते कळत नाही, पोरी. मी म्हटलं, मला कळतं. आणि हनुवटीवर गोंदण हवं, तीन ठिपके. ते तर कळेल? काकांनी बारीक खिळा घेतला, टाक डांबराच्या गोळ्यावर पालथा दाबला आणि मागून तीन टिचक्या दिल्या. सुलटा केला आणि काय सांगू तुला! तूच होतीस. ठिपके पडल्याबरोबर तू माझ्याकडे संशयाने बघायला लागलीस.

दादा आज पाळीवरून आले. मी पाणी दिलं, चहा दिला आणि पाटावर टाक ठेवला. ठिपक्यांची बाजू वर आणि कडी त्यांच्याकडे करून. त्यांनी पाहिला. टोपी काढून मांडीवर ठेवली. काळेभोर केस, आई, काजळीने सारवल्यासारखे! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

"कोन हाय ती?" मी विचारलं.

सांगितलं त्यांनी. आत्याच्याच चाळीत राहते, अनसूया नाव. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, गिरणीत कामाला जाते. तिच्याशी पाट लावायचा, दुसरं लग्न. माझ्यापायी करतोय म्हणाले. "तू माज्यासाठी अडून बसलीस, मंजे. दोन जागा परत लावल्यास. घरान कोन बाई आली तं तू सुटशील." मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बायको करणारे सगळे पुरुष पोरांसाठीच करतात, नाही का? आणि सुगंधी तेल, तेही माझ्यासाठीच आणलं असेल! पण आई, खरं सांगू? आवाज खोटा नव्हता. दोन्ही खरं असेल. माझ्यासाठीही आणि एकटं वाटतं म्हणूनही. तुझ्याइतकी तीक्ष्ण नजर नाही माझी, दोन खऱ्यांतलं जास्त खरं कुठलं ते मला निवडता आलं नाही.

मी फक्त एवढंच विचारलं, "सोनाराला आईचं तोंड का नाय सांगितलंत?"

दादांनी मांडीवरची टोपी उलटसुलट केली. मग म्हणाले, "डोल्यासमोर येते गं. रोज येते. पन मना सांगता येत नाय." मग टाक उचलला, हनुवटीवरच्या ठिपक्यांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हीच हाय. आता हीच हाय." आणि चहा तसाच टाकून गोठ्याकडे निघून गेले.

त्या वेळी मला रडू आलं. तुझ्यासाठी आलं का त्यांच्यासाठी, ते विचारू नकोस.

पण म्हणून मी विरघळले असं समजू नकोस हं! आत्याचा निरोप आहे की ती अनसूया म्हणते, मुलीच्या मनात नसेल तर मी त्या घरात यायची नाही. ऐकायला किती गोड! बोलायला काय जातं? माझ्या मनात काय आहे, ते ती कशावरून ओळखणार? आणि एवढी चांगली असेल, तर इतकी वर्षं तिला कुणी विचारलं कसं नाही? की तिलाच कुणी पटलं नाही? बघ, तूच बोलतेस माझ्या तोंडून. पापडाचा तुकडा आधी कुणी खायचा, हे ठरल्याशिवाय मी काही हात लावणार नाही.

आता दिवेलागण झालीय. भाकऱ्या उद्या सकाळी करीन, सुकटीची चटणी झाली. आत्यासाठी तांदूळ बांधलाय, तुला हव्या त्याच शेतातला. मगाशी दादा म्हणाले, "टाक माज्याकडं दे, कोटाच्या खिशान ठेवतू." मी म्हटलं, नको. तुमच्या खिशात ती वीस वर्षं होती, तिला मुंबई दिसली नाही. फार लागलं असेल का गं त्यांना? लागू दे. तू कधी बोलली नाहीस, ते कुणीतरी एकदा बोलायला हवं होतं.

तू माझ्या पदराच्या गाठीत आहेस. खाडीचा पूल आला की मी गाठ सोडीन, तुझा भरवसा नाही ना त्याच्यावर, म्हणून तुला तो बघू देईन. रविवारी सकाळी आत्या, अनसूया, राणीचा बाग, कुणीही वाट बघत बसो, आधी मी समुद्रावर जाणार. गुडघाभर पाण्यात उभी राहीन आणि तुला मुठीत घेऊन चारी बाजूंना फिरवीन. तपास एकदाची, माणसं का बुडत नाहीत ते.

आणि मग त्या बाईसमोर बसेन. हा शब्द तुला देते, आई. ती रूपाने कशी आहे, स्वयंपाक कसा करते, मी काही विचारणार नाही. टाक समोर ठेवून गप्प बसेन. तिने जर स्वतःहून विचारलं, तुझी आई कशी होती गं, तर मी तिला सगळं सांगीन. बसकं नाक, आडवं कुंकू, पाखडता पाखडता थांबणारं सूप, सगळं. आणि सांगून झालं की माझ्या हाताने दोरा ओवून तुला तिच्या गळ्यात बांधीन. तू लक्ष ठेव.

नाही विचारलं, तर रविवारच्या संध्याकाळी आपण दोघी घरी परत येऊ.

तुझी,
मंजुळी